सूर तेच, षड्ज दोन : जसरंगीच्या निमित्ताने मोड, की आणि पट्टी



कॉलेजच्या संमेलनाची तालीम सुरू झाली की पेटीवर बसलेला मुलगा गाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, "स्केल कोणतं?" उत्तर येते "काळी दोन" किंवा "पांढरी चार". मोबाइलवर शोधून आलेला असेल तर तो "डी शार्प" म्हणतो. आता नीट बघा. प्रश्नात 'स्केल' हा शब्द आहे, पण उत्तर स्केलचे नाही. स्केल म्हणजे स्वरांची चढती मालिका. इथे विचारायचे आहे ते एवढेच, की तुझा षड्ज कोठे आहे. त्याला आपल्याकडे पट्टी म्हणतात, आणि हा शब्द चांगला नांदता असताना स्केल हा उसना शब्द त्याच्या जागी का आला हे कोडेच आहे.

पुढे यांतलाच कोणी पाश्चात्त्य संगीताचे पुस्तक उघडतो. तिथे त्याला 'मोड' आणि 'की' असे दोन शब्द भेटतात, आणि आपल्याकडच्या नोट्समध्ये त्यांचे तयार समीकरण मिळते : मोड म्हणजे थाट, की म्हणजे पट्टी. परीक्षेत यावर गुण मिळतात. पण हे समीकरण अर्धेच खरे आहे, आणि ते कोठे तुटते हे समजण्यासाठी पुस्तकापेक्षा एक विशिष्ट कलाप्रकार जास्त उपयोगी पडतो. पंडित जसराज (१९३०–२०२०) यांनी घडवलेली जसरंगी जुगलबंदी. या टिपणात तिच्याकडे कौतुकाने आणि थोड्या शंकेनेही पाहायचे आहे. पण त्याआधी हातात पेटी हवी. पेटी नसेल तर मोबाइलवरचा की-बोर्ड चालेल.

फक्त काळ्या पट्ट्या

एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात. डावीकडची जोडी म्हणजे काळी एक आणि काळी दोन. उजवीकडचा तिघांचा गट म्हणजे काळी तीन, चार, पाच. पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही असे ठरवा. आता काळी तीनला सा माना आणि वर चढत जा. सा रे ग प ध, भूप वाजला. त्याच पाच पट्ट्या, पण काळी चारला सा म्हणा : सा रे म प नि, निषाद कोमल, म्हणजे मध्यमाद सारंगाचे स्वर. काळी पाचवरून निघालात तर मालकंस. काळी एकवरून दुर्गा. काळी दोनवरून धानी.

बोटांखालच्या पट्ट्या एकदाही बदलल्या नाहीत. ध्वनीच्या भाषेत बोलायचे तर पाचही वेळा वारंवारतांचा संच तोच होता. बदलले ते फक्त 'घर'. त्या पाचांपैकी कोणाला घर मानायचे, कोठून निघायचे आणि कोठे येऊन थांबायचे, एवढेच. या घर बदलण्याला भरताच्या नाट्यशास्त्रात मूर्च्छना म्हटले आहे; षड्जग्राम आणि मध्यमग्राम अशा दोन ग्रामांच्या प्रत्येकी सात धरून चौदा मूर्च्छना तिथे सांगितल्या आहेत. कर्नाटक संगीतात आजही याला ग्रहभेद म्हणतात. मी जिथे शिकवतो ते वरुणा हे गाव म्हैसूरहून टी. नरसीपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि इथल्या वर्गात वीणा किंवा व्हायोलिन शिकलेली मुले असतातच. त्यांना 'मोड' शब्द समजावायला फार वेळ लागत नाही. मोहनमचा ग्रहभेद केला की मध्यमावती, हिंदोलम्, शुद्ध सावेरी निघतात हे त्यांना आधीच ठाऊक असते. वर दिलेले सारंग, मालकंस, दुर्गा तेच हे, तिकडच्या नावांनी.

आता उलटे करा. काळी तीनवरचा भूप उचला आणि पांढरी एकवर ठेवा. आता पट्ट्या वेगळ्या लागल्या, पण राग भूपच राहिला. याला आपण पट्टी बदलली असे म्हणतो. म्हणजे पहिल्या प्रयोगात सूर कायम आणि राग बदलता, दुसऱ्यात राग कायम आणि सूर बदलते. एवढे दोन प्रयोग ज्याने स्वतःच्या हाताने केले, त्याला मोड आणि पट्टी यांत गोंधळ होण्याचे कारण उरत नाही.

पांढऱ्या पट्ट्यांवर हेच केले की युरोपातले जुने मोड मिळतात, आणि आपले थाटही. पांढरी एकवरून बिलावल, दोनवरून काफी, तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. पांढरी सातवरून निघालात तर पंचमच मिळत नाही, म्हणून तो आपल्याकडे थाट होत नाही. युरोपातही तो बहुधा कागदावरच राहिला. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे निघतात. उरलेले चार म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. ते पांढऱ्या पट्ट्यांवर कोठूनही निघाले तरी मिळणार नाहीत, कारण या चौघांतही एक तरी ठिकाणी लागोपाठच्या दोन स्वरांत तीन अर्धस्वरांची उडी आहे, आणि पांढऱ्या पट्ट्यांत सगळ्यांत मोठी उडी दोनाची. 'थाट म्हणजे मोड' या समीकरणाला पहिली भेग इथे पडते. मोड हे एकाच आईची मुले आहेत. थाट तसे नाहीत.

'की' म्हणजे नुसती पट्टी नव्हे

दुसरी भेग 'की'मध्ये आहे, आणि ती जास्त खोल आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारेआनुसने १५४७ साली 'दोदेकाकॉर्दोन' या ग्रंथात बारा मोड मांडले. त्यानंतरच्या दीडएकशे वर्षांत युरोपात दोनच उरले, मेजर आणि मायनर. बाखने १७२२ मध्ये 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर'चा पहिला भाग रचला तो बारा पट्ट्या गुणिले दोन अशा चोवीस 'की'ंमध्ये. म्हणजे 'की' या शब्दात दोन गोष्टी भरल्या आहेत : षड्जाची जागा आणि मेजर की मायनर हा निर्णय. शिवाय तिसरी गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. 'की'मध्ये घराची ओढ असते. स्वरसमूह एकमेकांवर रचून अशी व्यवस्था केलेली असते की पंचमावरचा समूह वाजला की कानाला षड्जाची आस लागावी. या ओढीत शुद्ध निषादाचा वाटा मोठा, कारण तो षड्जापासून अर्ध्याच स्वरावर उभा असतो.

उदाहरण घ्या. पांढरी सहावरून निघालेला पांढऱ्या पट्ट्यांचा मोड म्हणजे आसावरी थाट, निषाद कोमल. पण पाश्चात्त्य रचनाकार पांढरी सहाच्या मायनर 'की'मध्ये लिहू लागला की ऐन घरी परतायच्या वेळी तो निषाद चढवतो आणि काळी चार वापरतो. कारण कोमल निषाद षड्जाकडे पुरेसा ओढत नाही. असा निषाद चढवला की आपल्या कानाला आसावरी लागत नाही, किरवाणी लागते. मोडला ही घाई नसते. तो कोमल निषादावर रमू शकतो. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीतले 'सो व्हॉट' ऐका. पांढरी दोनवरून काफीचे स्वर सोळा मात्रागटांपर्यंत, मग सगळा डोलारा अर्धा स्वर वर सरकवून आठ, मग पुन्हा खाली आठ. मोड एकच, पट्टी दोन, आणि पंचमावरून षड्जावर ढकलणारी ती जुनी यंत्रणा जवळजवळ नाहीच. नोट्समधले समीकरण हातात धरून हे वादन समजून घेता येणार नाही.

हा फरक म्हैसूरच्या एकाच माणसाच्या आयुष्यात किती सहज नांदला ते पाहण्यासारखे आहे. महाराज जयचामराज वोडेयार पियानोचे जाणकार. लंडनमध्ये विपन्नावस्थेत राहणाऱ्या रशियन रचनाकार निकोलाय मेटनरच्या ध्वनिमुद्रणांना त्यांनी पैसा पुरवला, आणि मेटनरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो त्यांना अर्पण केला. त्या रचनेची ओळख आहे 'ई मायनर'. म्हणजे पांढरी तीन आणि मायनर. ही पट्टी रचनेच्या नावाचाच भाग. याच महाराजांनी स्वतः ९४ कर्नाटक कृती रचल्या. त्यांतली कोणतीही घ्या, सोबत राग लिहिलेला सापडेल, ताल सापडेल. ती कोणत्या पट्टीत गायची हे सापडणार नाही. ते गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेले. दक्षिणेत त्याला कट्टै म्हणतात, आपल्याकडे पट्टी. कॉन्चेर्तोची पट्टी बदलली तर तो वेगळ्या 'की'तला कॉन्चेर्तो होतो. कृतीची पट्टी बदलली तर फक्त गायक बदललेला असतो. म्हणून 'की'चे भाषांतर पट्टी असे करताना हात जरा आखडावा.

भातखंडे मूर्च्छना का सोडतात

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्यावर अनेकदा आरोप होतो की त्यांनी रागसंगीत दहा खोक्यांत कोंबले. मला तो आरोप उथळ वाटतो. मुंबईचा हा वकील १९०४ मध्ये दक्षिणेत फिरला, व्यंकटमखीच्या ७२ मेळांची मांडणी त्याने पाहिली, आणि मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चार भागांत लिहून काढली. प्रश्नोत्तरांच्या रूपातली ही मराठी आजही वाचनीय आहे. त्यातल्या थाटाची अट लक्षात घ्या : सात स्वर, ओळीने, आणि सगळे एकाच षड्जावरून मोजलेले. यातली शेवटची अट कळीची. तंबोरा मागे अखंड वाजत असताना घर हलवता येत नाही; तंबोराच तुम्हाला पुन्हा सा ऐकवतो. ज्या वाद्यांवर प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार होती त्या काळात मूर्च्छना नैसर्गिक होती. आधारस्वर अचल झाल्यावर ती व्यवहारातून गेली आणि तिची जागा मेळाने घेतली. भातखंड्यांनी आपल्या काळातले गाणे जसे होते तसे नोंदवले. थाट म्हणजे मोड नव्हे. अचल षड्जावर मांडलेला साठा म्हणजे थाट. मोडच्या जास्त जवळची गोष्ट म्हणजे मूर्च्छना, आणि तीच नेमकी थाटात नाही.

(जाता जाता : उत्तर-दक्षिण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मिरजेचे अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारात गात, आणि त्यांनी त्यागराजांची खरहरप्रियामधली कृती ध्वनिमुद्रित केली आहे. खरहरप्रिया म्हणजे आपला काफी थाट. पेटीवर पांढरी दोन.)

जसरंगी

आता मुख्य विषयाकडे येऊ. पुरुष आणि स्त्री यांनी एकत्र गायचे म्हटले की पट्टीची अडचण पहिल्यांदा उभी राहते. पुरुषाचा गळा समजा काळी एक-दोनवर खुलतो, स्त्रीचा काळी चार-पाचवर. एकच पट्टी धरायची तर दोघांपैकी एकाला झीज सोसावी लागते. बाईंना खर्जात घुसमटायचे किंवा बुवांना तारसप्तकात ताणायचे. संमेलनातल्या युगुलगीतांत तुम्ही हे दरवर्षी ऐकता. बहुधा मुलीचा आवाज बळी जातो, कारण पट्टी मुलगा ठरवतो.

जसराजांनी या अडचणीचेच साधन केले. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज असे धरायचे. पुरुष काळी दोनवर असेल तर स्त्री काळी चारवर. दोघे आपापल्या घरात, आपापल्या सोयीच्या उंचीवर. पण सूर दोघांचे समान हवेत, म्हणून राग वेगळे घ्यायचे, आणि तेही असे की एकाची मध्यमावरून केलेली मूर्च्छना म्हणजे दुसरा राग. पुरुषाने दुर्गा गायला तर स्त्री भूप गाईल. वर काळ्या पट्ट्यांवर तुम्ही काळी एक आणि काळी तीन यांत हेच केले होते. अभोगी आणि कलावती ही दुसरी जोडी, नट भैरव आणि मधुवंती ही तिसरी, ललत आणि पूरिया धनाश्री ही चौथी. हिशेब करून पाहा. अभोगीचे सा रे ग म ध, गंधार कोमल. त्याच्या मध्यमाला सा म्हणा. सा ग प ध नि, निषाद कोमल. कलावती निघाला. जसराजांचे शिष्य संजीव अभ्यंकर आणि जयपूर-अत्रौली गायकीच्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनी हा प्रकार महाराष्ट्रातल्या श्रोत्यांपर्यंत पोचवला. दोन घराणी, दोन षड्ज, दोन राग, आणि संच एकच.

पाश्चात्त्य परिभाषेत याला काय म्हणाल? दोन 'की' एकदम वाजवण्याचा प्रयोग स्ट्राविन्स्कीने १९११ च्या 'पेत्रुश्का'त केला. तिथे एका स्वरसमूहाच्या पट्ट्या सगळ्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या सगळ्या काळ्या, आणि त्यांची टक्कर हाच हेतू. जसरंगीत टक्कर नाही, कारण परका सूरच नाही. दोन घरे आहेत म्हणून ते एक 'की' नव्हे. संच एक आहे म्हणून ते दोन 'की'ही नव्हेत. ते दोन मोड आहेत, एकाच वेळी जागे असलेले. मूर्च्छनेचा मोड या अर्थाने इतका स्वच्छ नमुना मला दुसरा ठाऊक नाही, आणि म्हणूनच हे टिपण मी यावर लिहितो आहे.

या प्रकारातला खरा आनंद कोठे आहे? माझ्या मते तो हस्तांतरणाच्या क्षणी आहे. गायक अभोगीत मध्यमावर येऊन थांबतो. ऐकणाऱ्याला तो मध्यम आहे. अजून खाली उतरून घरी जायचे आहे. त्याच सुरावर गायिका आवाज लावते, आणि दोन-चार स्वरांत तोच सूर षड्ज होतो. पायाखालची जमीन तीच, गाव बदलले. सरगम सुरू झाली की तर एकाच सुरासाठी एकाच्या तोंडून 'म' आणि दुसरीच्या तोंडून 'सा' ऐकू येते. चित्रातला ससा क्षणात बदक दिसावा तसा हा कानाचा खेळ आहे. तो विलंबित आलापात, एकाने गायचे आणि दुसऱ्याने थांबायचे या शिस्तीत, फार सुंदर वठतो.

शंका त्यापुढची आहे. दोघे एकत्र गाऊ लागले, लय वाढली, की दोन्ही षड्ज खरोखर समतोल राहतात का? मला तसे वाटत नाही, आणि याला आवडीनिवडीपेक्षा भौतिक कारण आहे. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३. यातला खालचा सूर '२' आहे, म्हणजे मूळ स्वराचेच वरचे सप्तक. म्हणून कान खालच्याला घर मानतो. षड्ज-मध्यमाचे प्रमाण ३:४. इथे '४' हा वरचा सूर आहे, म्हणजे मूळ स्वराची सप्तके वर चढत गेली की जो भेटतो तो. म्हणून कान वरच्याला, मध्यमालाच, घर मानू पाहतो. आता जसरंगीत पुरुषाचा सा आणि स्त्रीचा सा यांत अंतर षड्ज-मध्यमाचेच. म्हणजे रचनेतच कल स्त्रीच्या षड्जाकडे आहे. अभोगीत पंचम नाही, म्हणून गायकाचा तंबोरा मध्यमात लावला तर तो तंबोरा अख्खी मैफल कलावतीचाच प्रचार करत राहतो. त्यात कलावतीचे सा ग प हे ४:५:६ या प्रमाणात बसतात, कानाला सर्वांत घट्ट वाटणारी तीन सुरांची मोळी. अभोगीत तेच सूर म ध सा म्हणून येतात आणि तिथेही ते मध्यमाचेच वजन वाढवतात. परिणाम असा की द्रुतात कितीतरी वेळ आपण कलावती ऐकतो आणि अभोगी त्याची सजावट होऊन बसतो. गायकाने जीव तोडून अभोगी मांडला तरीही.

दुर्गा-भूप जोडीत गायकाला पंचमाचा तंबोरा मिळतो, म्हणून घर थोडे मजबूत होते. पण दुर्गाचे सौंदर्य मध्यमावरच्या थांबण्यात, आणि तो मध्यम म्हणजे भूपाचा सा. दुर्गा जितका चांगला गावा तितका भूप पुढे सरसावतो. शिवाय भूप इतका ओळखीचा की कान त्याच्याकडे आपणहून धावतो.

नट भैरव आणि मधुवंती ही जोडी मला सर्वांत यशस्वी वाटते. इथे सूर समान असले तरी त्यांची वागणूक समान नाही. नट भैरवाचा कोमल धैवत भैरव अंगाने हलतो, पंचमाकडे झुकतो. तोच सूर मधुवंतीत कोमल गंधार आहे, आणि वर तीव्र मध्यम असल्यामुळे त्याची ओढ वेगळी. एकच वारंवारता, पण एक गळा तिला डोलवतो आणि दुसरा तिच्यावरून सरकत जातो. राग म्हणजे मोड नव्हे हे याहून नेमके कसे दाखवणार? मोडला साठा पुरतो, रागाला चाल लागते. जसरंगीतली जी जोडी फक्त साठ्याच्या हिशेबावर उभी आहे ती गणिताच्या कोड्यासारखी सुटते आणि संपते. जिथे दोन्ही रागांच्या चाली वेगळ्या राखल्या जातात तिथे गाणे होते.

सव्वातीन ठोके

आता अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे आकडे. जसरंगीत 'सूर समान' असे आपण म्हणतो, पण ते पेटीवर. गळ्यात काय होते ते मोजू. पुरुषाचा सा २४० हर्ट्झ धरा. दुर्गाचा रे ९/८ म्हणजे २७० हर्ट्झ. स्त्रीचा सा म्हणजे मध्यम, ४/३, अर्थात ३२० हर्ट्झ. भूपाचा धैवत ५/३ धरला तर ३२० च्या पाच तृतीयांश, ५३३.३, एक सप्तक खाली आणला की २६६.७ हर्ट्झ. पेटीवर दुर्गाचा रे आणि भूपाचा ध ही एकच पट्टी आहे. गळ्यात मात्र २७० आणि २६६.७. दोन्ही एकदम आणि एकाच सप्तकात लावले तर सेकंदाला सुमारे ३.३ ठोके ऐकू येतील, लाटेसारखे. हे प्रमाण ८१/८०. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर सुमारे २१.५ सेंट.

याचा अर्थ दोघांपैकी एकाला तडजोड करावी लागते. गायिका धैवत २७/१६ ला चढवेल तर तो दुर्गाच्या रिषभाशी जुळतो, पण मग तिच्याच गंधाराशी त्याचा शुद्ध मध्यम-संवाद तुटतो. गायक रिषभ उतरवेल तर त्याच्या पंचमाशी बिघडतो. अचूक कानाचे कलाकार अशा जागी काय करतात ते ऐकण्यासारखे असते : बहुधा त्या सुरावर दोघे एकत्र थांबतच नाहीत. साथीची पेटी समान अंतरांची, प्रत्येक अर्धस्वर दोनाच्या बाराव्या मुळाइतका म्हणजे १.०५९५ पट, तिचा रिषभ २०० सेंटवर, दोघांच्या २०४ आणि १८२ च्या मध्ये. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीला दारात उभे केले नव्हते, त्यामागे हाच वाद होता. मी पेटीचा विरोधक नाही. या टिपणातले सगळे प्रयोग पेटीशिवाय करता आले नसते. पण जी समानता पेटी दाखवते ती पेटीची आहे, रागांची नव्हे, एवढे भान ठेवावे.

करून पाहण्याजोगे : दोन मोबाइल घ्या, दोन्हींवर तंबोऱ्याचे ॲप. एकावर काळी दोन, दुसऱ्यावर काळी चार. दोन्हींत पंचम ठेवा आणि सोबत एकाने दुर्गाचे, दुसरीने भूपाचे साधे आरोह-अवरोह गायचे. मग पहिल्या मोबाइलमधला पंचम काढून मध्यम लावा आणि तेच पुन्हा गा. घर कोणत्या क्षणी सरकते ते प्रत्येकाने डोळे मिटून हात वर करून सांगायचे. हात एकदम वर जात नाहीत. वीणा शिकलेल्यांचे आणि फक्त चित्रपटगीते ऐकणाऱ्यांचे कान वेगळ्या जागी वळतात, आणि त्यावर वर्गात चांगली भांडणे होतात.

एक व्यावहारिक प्रश्न तबलजींचा राहतो. दोन षड्ज असताना तबला कशात लावायचा? पुरुषाच्या षड्जात लावला तर तो स्त्रीचा पंचम होतो, आणि पंचमात लावलेला तबला कोणालाही खटकत नाही. स्त्रीच्या षड्जात लावला तर तो पुरुषाचा मध्यम होतो. अभोगी किंवा मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात तेही रूढच आहे, पण वर सांगितलेला कल पाहता प्रत्येक समेवर तबला गायिकेचेच घर ठोकून पक्के करील. मी संयोजक असतो तर तबला गायकाच्या षड्जात लावायला सांगितला असता.